स्लोव्हाक की स्लोव्हेनियन?

एका अनुवादात ‘स्लोव्हाकियाची स्लोव्हेनियन भाषा’ असं वाचलं. छापताना घोळ झालाय, की दोन्ही एकच?

>> घोळच. पण चुकायला जागा आहे. स्लोव्हाक माणूस आपल्या भाषेला ‘स्लोव्हेन्चिना’ म्हणतो आणि देशाला ‘स्लोव्हेन्स्को’. स्लोव्हेनियाची भाषा मात्र त्याच्या तोंडी ‘स्लोव्हिन्चिना’! एका स्वराचा फरक. बायका तर आपापल्या भाषेत दोन्हीकडच्या ‘स्लोव्हेन्का’च. प्रत्यक्षात स्लोव्हाक ही पश्चिम स्लाव्ह गटातली, चेक आणि पोलिशची बहीण. स्लोव्हेनियन दक्षिणेकडची, क्रोएशियनच्या जवळची. दोन्ही नावं ज्यातून आली त्या ‘स्लाव्ह’चं मूळ बहुतेक अभ्यासक ‘स्लोवो’मध्ये शोधतात. स्लोवो म्हणजे शब्द. संस्कृत ‘श्रवस्’चा (कीर्ती) नातलग.

>> स्लोव्हाक बोलणारे सुमारे 50 लाख, बहुतेक स्लोव्हाकियातच. सर्बियाच्या व्होय्व्होदिना प्रांतात अठराव्या शतकात गेलेल्या स्लोव्हाक शेतकऱ्यांचे वंशज आहेत. तिथेही ती राजभाषांपैकी एक. चेक माणसाला ती दुभाष्याशिवाय समजते, 1992 अखेरपर्यंत देश एकच होता ना. प्रमाणभाषा मात्र तशी अलीकडची. 1787 मध्ये बेर्नोलाक या धर्मगुरूंनी पश्चिमेकडची बोली धरून पहिली प्रमाणभाषा बांधली, ती फार रुजली नाही. 1843 मध्ये भाषातज्ज्ञ ल्युदोवित श्तूर आणि त्यांच्या मित्रांनी मध्य भागातली बोली निवडली. आजची भाषा त्याच पायावर आहे.

>> मला गंमत वाटते ती स्वरांची. लांडगा म्हणजे ‘व्ल्क’. यात स्वर कुठाय? ‘ल’च स्वर आहे, आपल्या ऌ सारखा. आणि हा शब्द म्हणजे संस्कृत ‘वृक’चा सख्खा भाऊ. ‘स्म्र्त्य’ म्हणजे मरण. ‘मृत्यू’ शेजारी ठेवून बघा. शिवाय तिथे दीर्घ र आणि दीर्घ ल सुद्धा आहेत. खांबाला ‘स्त्ल्प’ म्हणतात, त्यातला ल लांबवायचा. म्हणजे थेट ॡ! संस्कृतात वर्णमालेपुरता उरलेला ॡ तिकडे रोजच्या बोलण्यात आहे.

>> वा! मग मराठीत लिहायचं कसं?

>> भाषा आणि माणूस ‘स्लोव्हाक’, देश ‘स्लोव्हाकिया’. गावांच्या नावांत जपून. त्यांची साधी सी म्हणजे ‘चाक’मधला च, डोक्यावर खूण असलेली सी म्हणजे ‘चार’मधला. आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो, म्हणून Košice या शहराचं नाव ‘कोशिचे’ लिहिलं की वाचणारा चुकतो. ‘कोशित्से’ लिहा.