मदत हवी आहे : परभणीजवळ जखमी कुत्रीला महिनाभर जागा

नमस्कार मंडळी. जिंतूर रोडला टेम्पोखाली आलेली एक गावठी कुत्री आम्ही इथल्या निवाऱ्यात सोडली होती. मागचे पाय ओढत चालते, पण दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी ताट चाटून-पुसून खाते. आता निवाऱ्यातले लोक म्हणतात जागा नाही, शनिवारी इंजेक्शन देऊन मारून टाकू. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ही मुभा फक्त बऱ्या न होणाऱ्या किंवा मरणासन्न कुत्र्यांपुरती आहे, तीही नेमलेल्या पथकानं तपासल्यावर. पण भांडत बसलो तर शनिवार उजाडायचा. पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रेला मी नेतो, खर्चही माझा. कुणाचा शेतातला आखाडा, पडवी रिकामी आहे का? अशा कुत्र्याच्या मागच्या पायांना आधार द्यायला पीव्हीसी पाइपचा चाकाचा गाडा कुणी बनवलाय? आमचे घरमालक मांजरसुद्धा चालू देत नाहीत.