पिठोरा नेटवर टाकायचा का? आणि कुणाला विचारून?

अलकापुरीचा कॅमेरा
गेल्या महिन्यात छोटाउदेपूरजवळच्या एका गावात राठवा आदिवासींच्या घरी पिठोरा, म्हणजे नवस फेडायला भिंतीवर काढतात ते घोड्यांचं चित्र, लिहिताना पाहिला. हो, लिहिताना. लिहिणाऱ्याला ते लखारा म्हणतात. ओसरीची भिंत घरातल्या कुमारिकांनी सारवलेली, रंगांत दूध आणि मोहाची दारू. पहाटे बडव्याच्या, म्हणजे विधी करणाऱ्या त्यांच्या पुजाऱ्याच्या, अंगात आलं. भिंतीसमोर उभा राहून तो एकेका घोड्याची ओळख पटवत गेला आणि एका जागी अडला. काहीतरी राहिलं होतं. लखाऱ्याने काडी उचलून तिथल्या तिथे भरलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. माझ्याकडे साडेतीन तासांचं चित्रीकरण आहे.

माझं म्हणणं सरळ आहे: गाणी, झाडपाला, राठवी बोली, सगळं नेटवर टाका, फुकट, आणि लवकर. सारवायच्या भिंतीच उरल्या नाहीत तर लिहिणार कुठे?

मांजलपूरची मावशी
विचारलं होतं का?

अलकापुरीचा कॅमेरा
घरधन्याला विचारलं, मावशी. तो खूश होता.

मांजलपूरची मावशी
नवस घरधन्याचा, पण गाणं बडव्याचं आणि हात लखाऱ्याचा. त्या दोघांना 'जगभर दाखवू का' असं विचारलंत? आमच्याकडे देवीचं बोडण भरताना पुरुषांना खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. उद्या यजमानांची परवानगी काढून कुणी तिथे कॅमेरा लावला तर चालेल तुम्हाला? आपलं ते सोवळं आणि त्यांचं ते 'कंटेंट', असं का?

हळदवाला
भावना कळल्या, पण नोंद नसली की काय होतं ते बघा. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट निघालं. आपल्या सरकारच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख. 'आमची आजी लावायची' एवढ्यावर काही झालं नसतं. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. राठवांची मुळी उद्या कुणी पळवली तर दाखवणार काय, बोडण?

कारेलीबाग ४
हळदवाले, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ते ग्रंथालय आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या पोथ्यांवर उभं आहे. बडव्याची मुळी कुठल्या पोथीत आहे? शिवाय ते कधीच सगळ्यांना खुलं नव्हतं. वर्षानुवर्षं फक्त पेटंट कार्यालयांना, तेही गुप्ततेच्या करारावर. इतरांसाठी दार उघडायला मंत्रिमंडळाची मंजुरी २०२२ मध्ये आली. सरकार पोथ्यांतलं ज्ञानसुद्धा इतकं जपून देतंय, आणि आपण तोंडी चालत आलेलं थेट चव्हाट्यावर मांडणार?

हळदवाला
पण समाजालाच सगळं झाकून ठेवायचंय हे कुणी ठरवलं? परेश राठवा यांना २०२३ मध्ये पिठोरासाठी पद्मश्री मिळाली. पिठोरा भिंतीवरून कधीच कॅनव्हासवर आलाय.

मांजलपूरची मावशी
आलाय ना! कॅनव्हास विकायचा हे चित्रकाराने ठरवलं. पहाटेची गाणी कुणी विकायला काढली?

रावपुऱ्यातला वाडा
जरा वेगळी कथा सांगतो. आमच्या घरी पणजोबांची मोडीतली कागदपत्रं होती. २००६ साली एका दुकानातून स्कॅन करून सीड्या केल्या आणि चुलत्यांनी 'आता आहे की सगळं' म्हणत कागदांचे रुमाल रद्दीत घातले. आज त्यातली एक सीडी उघडत नाही, दुसरीत निम्मी पानं काळी. आमच्या गल्लीजवळच्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं १९व्या शतकातली, अजून डोळ्यांना दिसतात. कोण जास्त टिकलं?

हळदवाला
कागद स्कॅनरने फेकले नाहीत हो, चुलत्यांनी फेकले!

रावपुऱ्यातला वाडा
तेच तर म्हणतोय. स्कॅन झालं नसतं तर त्यांची हिंमत झाली नसती.

कारेलीबाग ४
मी चित्रीकरणाच्या विरोधात नाही, नाहीतर मावशी मला आपल्या गटात घेतील. 😄 ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांनी २००७ च्या सुमारास एक डिजिटल संग्रह उभा केला. नाव मुकुर्तू, म्हणजे पवित्र वस्तू ठेवायची पिशवी. त्यात काय सगळ्यांनी बघायचं, काय फक्त बायकांनी, काय एकाच कुटुंबाने, हे समाज ठरवतो. आता ती प्रणाली कुणालाही फुकट वापरता येते. म्हणजे बोडणाची खोलीसुद्धा कुलपासकट संगणकात बसते. आणि त्यासाठी ऑस्ट्रेलिया कशाला? छोटाउदेपूर जिल्ह्यातच तेजगढला आदिवासी अकादमी आहे, तिथे 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे. ती चालवणारी भाषा संस्था तर १९९६ पासून आपल्या बडोद्याचीच. आपण रविवारी सेव-उसळ खायला जेवढा उत्साह दाखवतो, त्याच्या निम्म्यात तिथे जाऊन येता येईल.

अलकापुरीचा कॅमेरा
'चव्हाटा' शब्द लागला. माझा हेतू तसा नव्हता. अजूनही म्हणतो, कुलूप लावून ठेवलेल्या फायली कुणी बघत नाही आणि न बघितलेलं विसरलं जातं. राठवांची मुलं इथे बडोद्यात नोकरीला येतात, त्यांनी कुठे बघायचं? पण बडव्याला विचारलं नाही हे खरं. चित्रफीत चढवलेली होती, आज खाजगी केली. रविवारी पेनड्राइव्हवर घेऊन गावी जातोय, आधी त्यांना दाखवतो. गाडीत तीन जागा आहेत.

मांजलपूरची मावशी
एक माझी. आणि ते 'नाही' म्हणाले तर?

अलकापुरीचा कॅमेरा
तर भांडेन त्यांच्याशी. पण चढवणार नाही.

रावपुऱ्यातला वाडा
कुणाकडे सीडी वाचणारा जुना ड्राइव्ह आहे का?