'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि त्याची चित्रं : तुमचे अनुभव सांगा

इंग्रज लेखक टॉल्किनच्या या कादंबरीबद्दल भरभरून बोलणारे खूप भेटतात, चित्रांबद्दल बोलणारे फार थोडे. खरं तर टॉल्किन स्वतः सुरेख चित्रं काढत. त्यांच्या आधीच्या, १९३७च्या 'हॉबिट' या कादंबरीचं वेष्टन त्यांचंच : डोंगररांगा, दाट झाडी आणि मधून सरळ गेलेली वाट. सूर्य आणि ड्रॅगन त्यांना लाल हवे होते, पण जादा रंगाचा खर्च प्रकाशकांना नको होता. मुखपृष्ठ असो, नकाशा असो की भिंतीवरचं पोस्टर. कोणत्या चित्रानं तुम्हाला मिडल-अर्थमध्ये, म्हणजे या कथांच्या काल्पनिक जगात, ओढून नेलं, ते सविस्तर लिहा.

नाशिक, चित्रकला शिक्षिका

मी आधी चित्रं पाहिली, पुस्तक नंतर वाचलं. ॲलन ली यांची ५० जलरंगचित्रं असलेली १९९१ची आवृत्ती मामाकडे होती. ली माणसं लहान काढतात. कड्याखालून चाललेली मंडळी जेमतेम दिसतात. बाकी कागदभर धुकं, खडक, झाडांची मुळं. चेहरे ठळक नसल्यामुळे वाचताना कथेचा नायक फ्रोडो मला हवा तसा दिसत राहिला. पावसाळ्यात घाट रंगवायला बसले की त्यांचे पातळ वॉश डोळ्यांपुढे येतात, आणि हात आपोआप रंगात पाणी वाढवतो.

डोंबिवली

माझं प्रेम नकाशावर. ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी वडिलांसाठी काढलेला तो नकाशा लोकलमध्ये मांडीवर उघडा असायचा. प्रत्येक मुक्काम शोधल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, हा नियम. पुढे चित्रकार पॉलिन बेन्स यांच्या १९७०च्या पोस्टर-नकाशाची हकीकत वाचली. त्या कामासाठी टॉल्किननी आपल्या पुस्तकातल्या नकाशावर टिपणं करून दिली होती. त्यांत कथेतलं हॉबिटन हे गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर असल्याचं लिहिलंय. तो कागद आता ऑक्सफर्डच्याच बॉडलियन ग्रंथालयात आहे.

पुणे, सुलेखनाची विद्यार्थिनी

मला अक्षरांनी पकडलं. कथेतल्या जादुई अंगठीवरची वळणदार ओळ मी वहीच्या प्रत्येक कोपऱ्यात गिरवली आहे. पण सगळ्यांत जास्त जीव जडलाय तो मझरबुलच्या पुस्तकावर. मोरिया या भूमिगत नगरीच्या अंधारात गँडाल्फ या जादूगाराला बटूंची फाटकी, जळकी बखर सापडते. टॉल्किननी तिची तीन पानं खरोखर हातानं बनवली. रून आणि तेंगवार या कथेतल्या लिप्यांत मजकूर लिहिला, कडा जाळल्या, तुकडे पाडले, शिलाईची भोकं पाडली, रक्ताचे डाग रंगवले. लिहिणारे हात बदलतात तसं अक्षरही बदलतं, आणि शेवटची ओळ घाईत खरडलेली आहे. शत्रू दाराशी आलाय हे अक्षराच्या वळणावरूनच कळतं! रंगीत छपाई महाग म्हणून १९५४ला ही पानं पुस्तकात आली नाहीत. २००४च्या पन्नाशीच्या आवृत्तीत आली. ती पाहिल्यापासून तो प्रसंग मी निराळ्याच धास्तीनं वाचते. मजकुरात न मावलेलं काहीतरी त्या पानांत आहे.

गॉथेनबर्ग, स्वीडन

इथल्या ग्रंथालयात लेकीला 'हॉबिट' मिळालं, १९६२ची तूवे यान्सन यांची चित्रं असलेलं. त्यातला गॉलम हा गुहेतला प्राणी नायक बिल्बोपेक्षा कितीतरी मोठा, डोक्यावर पानांचा मुकुट! तोवर मूळ पुस्तकात गॉलम किती मोठा हे लिहिलेलंच नव्हतं. 'लहानसा' हा उल्लेख टॉल्किननी नंतर घातला. लेकीला मात्र तोच गॉलम खरा वाटतो, आणि मी तिला दुरुस्त करत नाही.

सांगली

आईनं मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद वाचला. सिनेमा पाहिलेला नाही, चित्रं तर नाहीतच. तिला विचारलं, लोथलॉरिएन हे एल्फांचं वन कसं दिसतं? म्हणाली, "देवराईसारखं, पण सोन्याच्या पानांचं." तिला ॲलन लींची चित्रं दाखवावीत की नाही, अजून ठरत नाहीये.

ठाणे

सांगलीकर, जरूर दाखवा! आणि नाशिकच्या ताई, थोडा मतभेद. मला चेहरे हवेत, म्हणून मी चित्रकार जॉन हाऊ यांचा चाहता. पावसातून तिरमिरीत चालत येणारा त्यांचा गँडाल्फ आठवा : रुंद काठाची टोपी, हातात काठी, आणि नजर अशी की वाटेतून बाजूला व्हावं. चिलखतांचा त्यांचा अभ्यास दांडगा, त्यामुळे तलवारीला वजन जाणवतं, कातडी पट्टा कुठे बांधलाय ते कळतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सननी सिनेमासाठी ली आणि हाऊ दोघांनाही बोलावलं, ते उगाच नाही. निसर्ग लींचा घ्या, बालरॉग हा अग्निराक्षस मात्र हाऊंचाच.