मोडेम नुसत्या सॉफ्टवेअरनं होतोय का?

उद्यमनगरवाला: मंडळी, आमच्या वर्कशॉपात डॉसवरचा (विंडोजच्या आधीची सिस्टीम) एक जुना प्रोग्राम अजून चालतोय, पुण्यात मेव्हण्याच्या पीसीला फोन लावून रोजचा हिशोब पाठवणारा. आता मोडेम (कॉम्प्युटरचा डेटा आवाज करून फोन लाइनीवर पाठवणारा डबा) मेला, दुसरा मिळायची मारामार. मोडेम शेवटी किर्र-कुईं आवाजच काढतोय न्हवं, मग साउंड कार्डावर भागंल का खास चिप लागतीयच?

रंकाळ्याकाठी: भागतंय की. नव्वदीच्या शेवटाला स्वस्तातले, विंडोजवरच चालणारे विनमोडेम आलते त्यात सिग्नलची चिप काढून सगळं गणित पीसीच्या पेंटियम प्रोसेसरच्या डोक्यावर टाकलेलं, म्हणून तर ते लिनक्सवर चालेनात. आता लिनक्सवर मिनीमोडेम म्हणून प्रोग्राम हाय, साउंड कार्डावरनं सेकंदाला ३०० आणि १२०० बिट वेगाचे टोन काढतोय आणि वाचतोय पण.

शाहूपुरीचा वायरमन: थांबा थांबा, लाइन थेट कार्डात खुपसू नका!! फोन ठेवलेला असताना लाइनीवर ४८ व्होल्ट डीसी असतंय आणि रिंग आली की वर ७५-९० व्होल्ट एसी, कार्ड गेलंच म्हणा. लाइन उचलणं, रिंग ओळखणं, पीसी लाइनीपासनं वेगळा ठेवणं हे विनमोडेममधे पण हार्डवेअरच करायचं, तिथं कितीबी कोड लिहा उपयोग नाही. आणि तारांच्या एकाच जोडीवर बोलायचं पण आणि ऐकायचं पण, म्हणजे आपलाच आवाज परत येतोय तो वजा करावा लागतो. ३०० ला दोन्ही बाजूंचे सूर वेगळे म्हणून चालून जातं, व्ही.३४ ह्या वेगवान पद्धतीच्या ३३.६ केबीपीएसला (सेकंदाला ३३,६०० बिट) खरी कसोटी. ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट) चं तर नावच नको, त्याला पलीकडची बाजू एक्स्चेंजला डिजिटल जोडलेली लागते, दोन घरगुती लाइनींत खऱ्या मोडेमनं पण यायचं नाही.

उद्यमनगरवाला: लाइन तर आता फायबरची केलीय, फोन राउटरलाच लावलाय 😅

शाहूपुरीचा वायरमन: अहो मग हे आधी सांगायचं की! तिथं आवाज पाकिटं करून जातोय, एखादं पाकीट उशिरा आलं तर माणसाला कळत पण नाही, मोडेमची मात्र बोलणीच तुटतात.

रंकाळ्याकाठी: भावा, मग आवाजाच्या भानगडीत पडूच नको. डॉसबॉक्समधे (आताच्या पीसीवर डॉस चालवणारा प्रोग्राम) मोडेमची नक्कल हाय, त्याच्या सेटिंगात सिरीयल पोर्टला (जिथं जुना मोडेम जोडायचा) ती लावली की प्रोग्रामला एटी कमांडची (मोडेमला द्यायचे हुकूम) उत्तरं बरोबर मिळतात, एटीडीटी (नंबर लावायचा हुकूम) पुढं नंबराऐवजी आयपी (पीसीचा टिंबं असलेला इंटरनेट पत्ता) टाकायचा, आत सगळं टीसीपीवरनं, म्हणजे इंटरनेटनंच जातंय. मेव्हण्याकडं पण तेच टाक. प्रोग्राममधे नंबराच्या जागी टिंबं घालता येतात का तेवढं बघ, आणि इंटरनेटला पोर्ट उघडा टाकू नको, मधे व्हीपीएन (दोन पीसीतली खाजगी, बंद वाट) घाल.

उद्यमनगरवाला: टिंबं घेतोय, आत्ताच बघितलं. मेव्हण्याला फोन लावतो.