देगलूरला घर बांधायलोय, तळघरात रेडॉनचा धोका असतो का?

देगलूरकर:
जुनं माळवद पाडून त्याच जागी बांधायलोय. जागा उताराची हाय म्हणून मागच्या अंगाला अर्धं तळघर निघालंय, तिथं पोरांची अभ्यासाची खोली करावं म्हणतो. मेव्हणा अमेरिकेत असतो, तिथं घर घेताना रेडॉन, म्हणजे जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू, तपासतात म्हणे. त्यानं फोनवर विचारलं खाली खडक कोणता लागला, मी म्हणलं गुलाबी, फोडला की चमचम करतो, तर गप्पच झाला. ओटा पण ग्रॅनाइटचाच घ्यायलोय. काळजी करावी का?

मुरूममाती:
दादा, खडकाचं विचारलं हे लई बरं केलं. मराठवाडा बहुतेक सगळा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात युरेनियम कमी. पण देगलूर-बिलोलीकडं तो संपून जुना ग्रॅनाइट वर येतो, त्यात जास्त असतं. युरेनियमपासून रेडियम आन त्यातून हा रेडॉन वायू, रंग नाही वास नाही, 3.8 दिवसांत निम्मा होतो, पण तेवढ्यात मुरमातून, फरशीच्या भेगांतून घरात शिरतोच. नुसत्या खडकावर ठरत नाही, शेजारच्या दोन घरांत पण फरक निघतो. तळघराला मात्र तीन बाजूंनी माती, वारं नाही, म्हणून तिथं साचतो. ओट्याचं सोडा, जमिनीतून येणाऱ्यापुढं ते किरकोळ.

लातूरची ताई:
आमच्या माळवदाला सवणं होतं, त्यातून दिवसरात्र हवा खेळायची. आता स्लॅब, स्लायडिंगच्या खिडक्या, उन्हाळाभर सगळं बंद करून एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, तीच तीच फिरवतो, हे मला पण उशिरा कळलं. खिडकी ठेवाच भाऊ.

देगलूरकर:
किती असलं की धोका? आन आता काय करता येईल?

मुरूममाती:
जागतिक आरोग्य संघटना म्हणते घनमीटर हवेला 100 बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं माप) आत ठेवा, नाहीच जमलं तर 300 च्या वर नको. फुफ्फुसाच्या कॅन्सरला सिगारेट-बिडीनंतर याचाच नंबर लागतो, आन ओढणाऱ्याला धोका कैक पट. राहायला गेल्यावर डिटेक्टर तीन महिने ठेवून बघा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. आत्ता फरशीखाली गिट्टीचा थर द्या, त्यातून 4 इंची पाइप गच्चीच्या वर काढा, गिट्टीवर जाड प्लास्टिक, नळ-ड्रेनेजच्या भोवतीच्या फटी नीट बुजवा. आज हे थोडक्यात होतंय, नंतर फरशी फोडावी लागते.

देगलूरकर:
गिट्टी अजून पडली नाही, सकाळीच मिस्त्रीला सांगतो. वडील बिडी ओढतात, दुपारी गारव्याला त्यांची खाट तिथंच टाकायची होती. ती आता वरच ऱ्हाऊ द्या.