सोलरच्या ॲपवर फॉल्टचा मेसेज येईना, दुसरं कोणतं ॲप घ्यावं?

उदगीरकर: घरावर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर बसवून चार महिने झाले. मागच्या आठवड्यात लग्नासाठी परभणीला गेलो होतो. परत येऊन बघतो तर दोन दिवसांचा ग्राफ कोरा! ऐन उन्हाळ्यात रोजचे १२ युनिट बुडाले अन् ॲपवर एक मेसेज नाही. एरवी मात्र रोज सांजच्याला 'ऑफलाइन' दाखवायलंय. ॲप बदलावं का?

अंबाजोगाई_सोलर: दादा, ॲप बदलून उपयोग नाही. फॉल्ट ॲप शोधत नाही, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) शोधतो. त्याला लावलेली वायफाय स्टिक साधारण दर पाच मिनिटांनी माहिती राउटरमार्फत कंपनीच्या सर्व्हरला पाठवते, अन् मेसेज तिथून मोबाइलवर येतो. मधला एक दुवा तुटला की सर्व्हरला फक्त 'ऑफलाइन' एवढंच कळतं. सांजचं ऑफलाइन म्हणजे बिघाड नव्हे. ऊन गेलं की इन्व्हर्टर झोपतो, स्टिकही बंद पडते. गावाला जाताना मेन स्विच पाडला होता का? इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर जुने अलार्म बघून सांगा.

उदगीरकर: हो, पाडला होता. स्क्रीनवर दोन्ही दिवस 'नो ग्रिड' आहे.

अंबाजोगाई_सोलर: मग उलगडा झाला. तुमचं सोलर मेन स्विचच्या पुढं, घराच्या बाजूला जोडलेलं दिसतंय. लाइट दिसली नाही की ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्यातच राउटरही बंद, मग मेसेज येणार कुठून? पुढच्या वेळी मेन चालू ठेवा, बाकी खोल्यांचे एमसीबी पाडा. राउटरला छोटा यूपीएस घ्या, म्हणजे नुसती लाइट गेली तरी दिवसा मेसेज येईल.

जालन्याची_ताई: आणखी एक बघा. आमच्याकडं प्लांट बसवणाऱ्याच्याच खात्यावर नोंदवलेला होता, सगळे अलार्म त्याच्या मोबाइलवर जायचे. मालक म्हणून स्वतःचं खातं जोडून घ्या. मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर मेसेज तासाभरानं येतो. ईमेलची सोय असली तर तीही चालू ठेवा.

'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' येऊन आपोआप गेलं तर घाबरू नका. दुपारी लोड कमी असला की लाइनचं व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो अन् परत जुळतो. रोजच व्हायला लागलं तर वेळेसकट स्क्रीनशॉट काढून वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या.

'आयसोलेशन' किंवा 'इन्सुलेशन' (म्हणजे वायरीतून करंट बाहेर गळतोय) असा अलार्म आला तर मात्र गच्चीवर कुणालाही जाऊ देऊ नका, लेकरांना तर मुळीच नाही. पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, उंदीर वायर कुरतडतात, अन् पॅनलच्या वायरीत ऊन असेपर्यंत करंट असतोच. टेक्निशियनलाच बोलवा.

उदगीरकर: ताई, दादा, लई आभार. खातं खरंच बसवणाऱ्याच्या नावावर निघालं. उद्या बदलून घेतो अन् राउटरच्या यूपीएसचंही बघतो.