पीसीवर मेल कशात उघडता? अनुभव सांगा

तापीकाठ:
काल माळा आवरताना दादांचा जुना सीपीयू सापडला. रावेरला केळीच्या एजन्सीत होता. चालू केला तर आउटलुक एक्स्प्रेस चक्क उघडलं! २००५ मधल्या दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या मेल जशाच्या तशा. "माल नरम निकला." खाली दादांचं उत्तर, "कटती मान्य नही." म्हणजे मालाचे पैसे कापलेले चालणार नाहीत. तेव्हा डायलअप, फोनच्या लाइनवरून नेट. सेंड-रिसीव्ह दाबायचं, मेल उतरल्या की लाइन तोडायची आणि निवांत वाचत बसायचं. उत्तरं आउटबॉक्समध्ये साचवून संध्याकाळी एकदाच पाठवायची.
आता नवा पीसी घेतलाय. विंडोजचं साधं मेल अ‍ॅप २०२४ सरता सरता बंद झालं. ब्राउझरात मन रमत नाही. तुम्ही काय वापरता?

कूलरसमोर:
थंडरबर्ड. फुकट आहे, २००४ पासून. कामात आहे, नंतर लिहितो

भुसावळची_ताई:
काहीही घ्या, पण आयमॅप लावा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात. मी पॉप लावलं होतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची खूण काढून टाकली होती. माझीच अक्कल. सगळ्या मेल पीसीवर उतरल्या, सर्व्हर रिकामा. मे महिन्यात हार्डडिस्क गेली. हे तेव्हा कुवेतला होते, त्यांच्या मेल त्यात होत्या. चार ओळींच्या, शेवटी ठरलेलं, कूलरात पाणी टाकलं का.
थांबा, कुकर.

धुळ्याचा_बंडू:
अरेरे ताई.
कूलरवरून आठवलं, आमच्याकडे कूलर कॉम्प्युटरच्या खोलीत आणि आम्ही सगळे ओट्यावर. पाहुणे आले तरी हलवू देत नव्हते बाबा

खान्देशी_पोऱ्या:
आते पीसी कोन उघाडस भो, मी मोबाइलवरच वाचस

अमळनेरी:
ऑफिसात आउटलुक. पूर्वी त्याची मेल साठवायची पीएसटी फाइल २ जीबीच्या पुढे जायची नाही, २००३ च्या आवृत्तीपासून सुटका झाली. तोवर दर महिन्याला जुन्या मेल वेगळ्या फाइलीत हलवणं हा एक उद्योगच होता. कॅलेंडर लागत असेल तर घ्या, नुसत्या मेलसाठी जड.

कूलरसमोर:
हां, आलो. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केल्या तरी फाइल लगेच लहान होत नाही, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट करावं लागतं. प्रोफाइलचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं की मेल, खाती, सेटिंग सगळं आलं. जीमेल जोडताना लॉगिनची खिडकी उघडते, तिथेच पासवर्ड टाकायचा. आणि तापीकाठ, दादांच्या डीबीएक्स फाइली (आउटलुक एक्स्प्रेसच्या मेल त्यातच असतात) आधी कॉपी करून ठेव, मग काय खटाटोप करायचा तो कर.

भुसावळची_ताई:
डाळ लागली थोडी. पण त्या कटतीचं पुढे काय झालं?

तापीकाठ:
माहीत नाही. दादांची शेवटची मेल आउटबॉक्समध्येच पडून आहे.

धुळ्याचा_बंडू:
त्याला नेटची वायर लावू नको रे, जाईल ती आत्ता दिल्लीला!